जवळचे नातेवाईक

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, परदेशातल्या त्या दवाखान्यात, नर्सने त्याच्या हातात चार पानांचा फॉर्म दिला. तीन पानं त्याने खाडखाड भरली. वय चव्वेचाळीस. वजन एकशे एकतीस किलो. दारू नाही, सिगारेट नाही, लग्न नाही. चौथ्या पानावर मात्र त्याचं घोडं अडलं. तिथे लिहिलं होतं: जवळचे नातेवाईक, त्यांचं नातं आणि फोन नंबर.

आता नातेवाईक नव्हते असं नाही. सख्खा थोरला भाऊ होता, वहिनी होती, हॉस्टेलवर राहून शिकणारी पुतणी होती. पण कंपनीने आपल्याला नव्या मशीनच्या ट्रेनिंगला पाठवलंय, अशी थाप मारून स्वारी घरून निघाली होती. दवाखान्यातून घरी एक फोन गेला असता तर बिंग फुटलं असतं. नर्स समोर ताटकळत उभी. जगातले दोनच नंबर त्याला तोंडपाठ होते. एक घरचा आणि दुसरा तो रोज पन्नास वेळा लोकांना सांगायचा तो, लिफ्ट कंपनीच्या तक्रार केंद्राचा. त्याने दुसरा लिहिला, नात्यापुढे 'भाऊ' लिहिलं आणि सही ठोकून मोकळा झाला.

तक्रार केंद्रात दिवसपाळीला फोन उचलतो कोण? तर हाच. हे त्याच्या लक्षात आलं भूल उतरल्यावर. तो हसायला गेला आणि पोटात अशी कळ आली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. पोटावर पाच ठिकाणी छोट्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. शेजारच्या पलंगाभोवती पेशंटची बायको, आई आणि दोन बहिणी कलकलत होत्या. ह्याच्या पलंगाजवळच्या खुर्चीवर त्याची स्वतःची बॅग बसली होती.

तर हे ऑपरेशन काय, तेही सांगतो. जठराच्या वरच्या तोंडाशी रबरासारखा एक पट्टा बसवतात. मग चार घासांतच पोट भरतं. पट्ट्याच्या आत पोकळी असते. तिच्यात सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. सुई टोचता यावी म्हणून कातडीखाली एक छोटी डबी शिवून ठेवतात. ऐकायला सोपं वाटतं. ज्याच्या पोटात ते असतं त्याचा हात मात्र दिवसातून शंभर वेळा शर्टावरून त्या डबीकडे जातो. आहे ना जागेवर? सरकली तर नाही?

हा उपद्व्याप त्याने का केला ते कळायला थोडं मागे जावं लागेल. सोळा वर्षं तो लिफ्टचा मेकॅनिक होता, आणि साधासुधा नाही. लिफ्टच्या टपावर उभं राहून, नुसता दोराचा आवाज ऐकून, तो दोष सांगायचा. पण वजन वाढत गेलं. पाच वर्षांपूर्वी एका इमारतीत दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट बंद पडली. आत एक म्हातारे गृहस्थ होते. हा टपावर उतरला, झडप उघडली, पाय आत सोडले आणि कमरेपाशी घट्ट बसला. ना वर, ना खाली. शेवटी वरून जोडीदाराने ओढलं आणि खालून त्या म्हाताऱ्यांनी तळपायांना रेटा दिला, तेव्हा सुटकेला आलेल्या माणसाची सुटका झाली. ही गोष्ट कंपनीभर झाली. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. पुढच्या महिन्यात साहेबांनी त्याला मानाने खुर्ची दिली, कानाला हेडफोन दिला आणि कोठारामागच्या खोलीत नेऊन बसवलं.

तिथे त्याचं काम एकच. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं. लिफ्टमधलं लाल बटण कुणी दाबलं की समोरच्या फलकावर दिवा लागे. आत किती जण आहात? लाईट आहे ना? दाराला हात लावू नका, मेकॅनिक निघालाय. हे चार प्रश्न कार्डावर छापलेले होते. पण मेकॅनिक पोचायला कधी वीस मिनिटं लागायची, कधी चाळीस, आणि तेवढ्या वेळात चार प्रश्नांनी काय होणार? मग तो इकडचं तिकडचं विचारायचा. त्याचा आवाज खर्जातला, संथ. माणसं भडाभडा बोलायची. कुणी नवऱ्याच्या तक्रारी सांगे, कुणी नोकरी गेल्याचं घरी सांगितलेलं नाही म्हणून रडे. आणि दार उघडलं की वाक्य अर्धं टाकून निघून जात. मुलाखतीचं पुढे काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, ते ह्याला कधीच कळत नसे. सुटल्यावर परत बटण दाबून कोण कशाला सांगेल?

त्याचं स्वतःचं बोलणं व्हायचं संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर. नळाच्या तोट्यांचं दुकान चालवणारा दादा पेपर उघडून जेवायला बसे. त्याला ताटात पेपरचं पान वाढलं असतं तरी त्याने मुकाट्याने खाल्लं असतं. त्यामुळे वहिनीच्या स्वयंपाकाला गिऱ्हाईक एकच, हा. तिने वाढायचं, ह्याने खायचं, वाहवा करायची आणि तिसऱ्यांदा वाढून घेता घेता दिवसभरातल्या लिफ्टच्या आणि अडकलेल्यांच्या गोष्टी सांगायच्या. ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून ऐकायची. "मग? रडायची थांबली का ती?" असं विचारायची. एकोणीस वर्षांचा हा शिरस्ता होता. दिवसाच्या त्या अर्ध्या तासात त्याला कुणीतरी आपलं आहे असं वाटे.

आणि भीती नेमकी तीच होती. खाणंच गेलं तर त्या टेबलावर आपलं काय काम? वहिनीचं आपल्याशी नातं ते हेच, वाढायचं आणि खायचं. ऑपरेशन करून घेतो म्हटलं तर ती म्हणणार, माझ्या हातचं तुम्हाला नको झालं. म्हणून त्याने ताकास तूर लागू दिली नाही. आधी करून येऊ, मग हळूहळू सांगू, असा हिशेब. असल्या हिशेबांचं जे होतं तेच झालं.

तो परत आला त्या संध्याकाळी वहिनीने चार पदार्थ केले होते. आणि ह्याला तीन आठवडे फक्त पातळ घ्यायची परवानगी, तेही चमच्याचमच्याने.

"तिकडचं पाणी बाधलंय, वहिनी," तो म्हणाला. "चार दिवस लंघनच बरं."

चार दिवस निभावले. पाचव्या दिवशी त्याने दुसरी थाप मारली. ट्रेनिंगनंतर कंपनीची परीक्षा असते, अभ्यास पुष्कळ आहे, ताट माझ्या खोलीतच नेतो. वहिनी "बरं" म्हणाली आणि ताट वाढून दिलं. नेहमीसारखं, शिगोशीग. खोलीत दार लावून त्याने ते समोर ठेवलं. भाजीला वाफ येत होती. भूक पोटात नव्हती, ती कुठेतरी डोक्यात होती, हातात होती. बराच वेळ तो नुसता वास घेत बसला. मग औषधाच्या दुकानातली जाड पिशवी काढली, ताट तिच्यात रिकामं केलं आणि गाठ मारली. सकाळी बसस्टॉपच्या कचरापेटीत ती पिशवी टाकताना त्याने इकडेतिकडे पाहिलं. चोरी करून पळणाऱ्यानेही पाहिलं नसतं इतकं.

ताट धुऊन परत नेताना तो स्वयंपाकघराच्या दारातून सांगायचा, "आज भाजी फक्कड झाली होती हं, वहिनी." कामाचा आवाज. त्यात कधी खोट दिसायची नाही.

त्याचं खरं जेवण व्हायचं त्या कोठारामागच्या खोलीत. थर्मासमध्ये गाळलेलं सूप, कपाच्या झाकणात दोन घोट. दोन घोटांच्या मधे पाच मिनिटं. जरा घाई झाली की छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं व्हायचं. पहिले दहा दिवस खांदा असा दुखला की त्याला वाटलं हृदयाचं काहीतरी आहे. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या वायूमुळे असं दुखतं, हे त्याला तिथून दिलेल्या कागदात सापडलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. उचकी लागली की थांबायची नाही. थंडी वाजायची. पट्टा सरकला असेल का, टाका उसवला असेल का, ह्या शंकांना विचारायचं कुणाला? तिसऱ्या आठवड्यात कोठारातल्या मालाच्या काट्यावर तो गुपचूप उभा राहिला. नऊ किलो उतरले होते. तो काट्यावरून उतरला, पुन्हा चढला, पुन्हा नऊच. ही बातमी सांगायला आख्ख्या शहरात त्याला माणूस नव्हता.

पण एक माणूस फोनवर होता, आणि त्याची कथा ऐकण्यासारखी आहे.

दर मंगळवारी अकरा वाजता तिकडच्या दवाखान्यातून फोन यायचा. बोलायची ती फॉर्मवाली नर्स. दोघं बोलत ती भाषा धड तिचीही नव्हती आणि धड ह्याचीही नव्हती, त्यामुळे वाक्यं छोटी आणि स्वच्छ असत. पहिल्या मंगळवारी तिने विचारलं, "पेशंटच्या घरून बोलताय ना?"

"अहो, मीच—"

"पेशंट असेल तर त्याला देऊ नका. पेशंट खोटं सांगतात. नीट खातो म्हणतात आणि चोरून केक खातात. आम्ही घरच्यांनाच विचारतो. तुम्ही कोण?"

आता इथे शहाण्या माणसाने खरं सांगून टाकावं की नाही? पण ह्याच्या तोंडून निघून गेलं, "त्याचा भाऊ. थोरला."

"छान. कसा आहे तो?"

आणि तो स्वतःबद्दल सांगू लागला. खांदा दुखतो म्हणतो. झोप लागत नाही त्याला. बोलायला सोपं जात होतं. 'मला भीती वाटते' हे चव्वेचाळीस वर्षांत त्याच्या जिभेवर आलं नव्हतं. 'त्याला भीती वाटते' हे सहज येत होतं. नर्स लिहून घ्यायची. दुसऱ्या मंगळवारी तिने विचारलं, "सूप कोण करून देतं?"

"मीच देतो," तो म्हणाला. "दोनदा गाळून देतो. सकाळी दुकानात जायच्या आधी."

"आणि रात्री?"

"जवळ बसतो थोडा वेळ. डबी दुखते का विचारतो."

हे बोलताना त्याला लाज वाटली, आणि बरंही वाटलं. त्या भावाने मग काय काय केलं! पाठीमागे उशी लावून दिली, टाके बघितले, सैल झालेल्या शर्टाची बटणं आत घेऊन दिली. खरा दादा तेव्हा दुकानात तोट्या मोजत होता. त्याची चूक नव्हती. बिचाऱ्याला माहीत असतं तर त्याने निदान पेपर खाली ठेवला असता.

खोट्या भावावर काम भागेना, म्हणून मधे एकदा तो बाजारपेठेतल्या एका डॉक्टरकडे जाऊन आला. पट्ट्यातलं पाणी सहा आठवड्यांनी तपासायचं, गरजेप्रमाणे कमीजास्त करायचं असतं. ते तुम्ही कराल का, एवढंच विचारायचं होतं. डॉक्टरांनी कागद पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि कानावर हात ठेवले.

"ज्यांनी बसवलं त्यांनाच विचारा. उद्या काही झालं तर नाव माझं यायचं."

"ते लांब आहेत, डॉक्टर."

"हे जायच्या आधी सुचायला हवं होतं." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "बरोबर कुणी आलंय का?"

तो "बाहेर आहेत" म्हणाला आणि त्याने काढता पाय घेतला.

ह्या सगळ्यात वहिनीच्या मनात काय चाललं होतं हे त्याला कळलं चौथ्या आठवड्यात, सोमवारी संध्याकाळी. त्या दिवशी ताट घेऊन ती स्वतःच त्याच्या खोलीत आली. टेबलावर ताट ठेवलं, पलंगाच्या कडेवर बसली. ह्या खोलीत ती अशी कधी बसली नव्हती.

"भावजी, तिकडे कायमचं जायचं ठरतंय का?"

"कुठे?"

"परदेशात. ट्रेनिंग काय, परीक्षा काय, आमच्यात बसून जेवणं नाही. शर्ट बघा कसा लोंबतोय. माणूस घर सोडायचं ठरवतो तेव्हा असाच आधी मनाने निघून जातो. आमचं काही चुकलं असेल तर सांगा. पण असं ताट उचलून जाऊ नका हो. ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे पेपरशी बोलायचं."

तिचे डोळे भरले होते. आता सांगावं, तो मनाशी म्हणाला. आत्ताच सांगावं. पण सांगायचं म्हणजे पिशवीचंही सांगावं लागणार होतं. त्याने काय करावं? चमचा उचलला आणि भात खाल्ला. एक घास, दुसरा, तिसरा, पूर्वीसारखे भरभर, न चावता. वर तोंड करून म्हणाला, "कुठे जातोय मी? हे सोडून?" आणि चौथा घास घेतला.

वहिनीचा चेहरा उजळला. महिन्याभरात पहिल्यांदा. "सावकाश खा," म्हणत ती खाली गेली.

ती जिना उतरते न उतरते तोच छातीत दगड बसला. नेहमीचा नाही, मोठा. तोंडाला सुटलेलं पाणी थांबेना. थोड्या वेळाने भात उलटून पडला, पण दगड गेला नाही. पाण्याचा चमचा घेतला, तो परत आला. तासाभराने पुन्हा घेतला, पुन्हा आला. सकाळी आरशात ओठ पांढरे दिसत होते. घरात ओकाऱ्यांचा आवाज गेला असता म्हणून हा शहाणा त्या अवस्थेत कामावर गेला. हेडफोन लावला, खालच्या ड्रॉवरमध्ये एक डबा ठेवला आणि दर पाच मिनिटांनी त्यात थुंकत, मधल्या वेळात दोन लिफ्टमधल्या लोकांना "घाबरू नका" म्हणत बसला.

मंगळवारच होता. अकराला फोन आला.

"कसा आहे पेशंट?"

"काल त्याने भात खाल्ला," तो म्हणाला. "भरभर. म्हणजे वहिनी समोर बसली होती. म्हणजे माझी बायको. तिला वाईट वाटू नये म्हणून."

"बाकी सगळं मग सांगा. पाणी पोटात राहतंय?"

"नाही."

"अजिबात?"

"चमचाभरसुद्धा नाही. काल संध्याकाळी सातपासून."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्ही आत्ता त्याच्याजवळ आहात?"

"हो."

"मग ऐका. त्याला लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्या. पट्ट्यात आम्ही थोडं पाणी ठेवलंय ते सगळं काढायला सांगा. आतली जागा सुजली असेल, किंवा पट्टा सरकला असेल. उशीर करायचा नाही. आणि त्याला एकटं पाठवू नका. वाटेत चक्कर येईल. तो म्हणेल, मी जातो माझा माझा. ही माणसं शेवटपर्यंत म्हणतात, काही झालं नाही. तुम्ही ऐकू नका. सोबत राहाल ना?"

"राहीन," तो म्हणाला.

"मला वचन द्या."

"दिलं."

तिने फोन ठेवला. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि तो रडला. चांगला हुंदके देऊन रडला. इतके दिवस बाळगलेला तो भाऊ आता लागत होता, आणि खोलीत एक खुर्ची होती, तिच्यावर तोच बसला होता. उठायला गेला तर भिंत फिरली. मग त्याने तोंडपाठ असलेला तो घरचा नंबर लावला.

"वहिनी, घाबरू नका, शांतपणे ऐका—"

"भावजी, हे ऑफिसातलं बोलणं माझ्याशी नको. काय झालंय?"

त्याने सांगितलं. ऑपरेशन, पट्टा, भात, पाणी. आणि थांबता येईना म्हणून पिशवीचंही सांगितलं, कचरापेटीचंही. वहिनी मधे एकदाही "मग?" म्हणाली नाही. सगळं संपल्यावर ती म्हणाली, "ह्यांना दुकानातून घेऊन येते. जागचे हलू नका." अर्ध्या तासात दोघं रिक्षा घेऊन हजर झाली. दादाच्या हाताला तोट्यांचं ग्रीस तसंच होतं.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई कुरकुरल्या. "करायला तिकडे आणि निस्तरायला आम्ही." पण हात चालवता चालवता कुरकुरल्या. एक्स-रे काढला, पट्टा जागेवर होता. मग डबीत सुई टोचून त्यांनी पाणी ओढून घेतलं. ते चमचाभर भरलं असेल. पंधरा मिनिटांनी त्याला पाण्याचा घोट दिला. तो खाली उतरला. दुसरा दिला, तोही उतरला. घोट घशाखाली उतरताना कळतो, हे त्याला आधी कधी जाणवलं नव्हतं.

दादा पायाशी उभा होता.

"म्हणजे ट्रेनिंग नव्हतंच?"

"नव्हतं."

"मी दुकानात सगळ्यांना सांगितलं रे. कंपनीने निवडून पाठवलंय म्हणून." मग खांद्यावर हात ठेवून त्याने विचारलं, "किती उतरलं?"

"नऊ किलो."

"बरं आहे," दादा म्हणाला. तो हात त्याने बराच वेळ तिथेच ठेवला.

वहिनी मात्र बोलली नाही. घरी येताना रिक्षात नाही, जिना चढतानाही नाही. त्याच्या खोलीत पांघरूण झटकून देता देता तिने फक्त विचारलं, "रोज?"

"रोज."

"आणि फक्कड झाली होती म्हणत होता."

ती दार ओढून गेली.

पुढचे तीन दिवस सूप वेळच्या वेळी येत होतं, गाळलेलं, कोमट, पण घेऊन यायचा दादा. खालून भांड्यांचे आवाज येत. बाई रागावली की भांडी जास्त वाजतात म्हणतात. इथे ती नेहमीपेक्षा कमी वाजत होती, आणि त्याचा त्याला जास्त धसका बसला. नऊ काय, नव्वद किलो उतरले असते तरी काय उपयोग, असं त्याला पलंगावर पडल्यापडल्या वाटत राहिलं. जे जपायला म्हणून त्याने हे सगळं लपवलं होतं, तेच नेमकं तो गमावून बसला होता. हेडफोनवर एकोणीस वर्षं पुरतील इतकी माणसं भेटतील, पण "मग?" कोण विचारणार?

रविवारी दुपारी तो कुणी न बोलावता खाली उतरला आणि आपल्या खुर्चीवर बसला. वहिनीने दादाला वाढलं. ह्याच्यासमोर एक लहानशी वाटी ठेवली, मऊ शिजवून घोटलेल्या भाजीची, आणि लहान चमचा. दादाचं जेवण नेहमीप्रमाणे दहा मिनिटांत आटोपलं. तो हात धुऊन, पेपर काखेत मारून आतल्या खोलीत आडवा व्हायला गेला. ह्याचे तेवढ्यात तीन चमचे झाले होते. चमचा तोंडात धरायचा, चावायचं, गिळायचं, थांबायचं. वीस मिनिटं झाली. वाटी निम्मीसुद्धा संपली नव्हती.

"मी वर नेऊ का?" त्याने विचारलं. "तुमचा खोळंबा होतोय."

ती स्वयंपाकघरात गेली. झाकणं काढल्याचे, ठेवल्याचे आवाज आले. मग ती आपलं ताट घेऊन बाहेर आली आणि त्याच्या समोर, दादाच्या खुर्चीवर बसली. ताटात भात थोडा, पातेल्याच्या तळाला लागलेला. भाजी दोन चमचे, कडेची. ती जेवू लागली. मान खाली घालून, भराभर, कुणी उठवेल अशा घाईने.

तो बघतच राहिला. एकोणीस वर्षं ह्या टेबलावर त्याने तीन तीनदा वाढून घेतलं होतं, आणि ह्या बाईला जेवताना तो आज पहिल्यांदा बघत होता. ती कधी जेवते, काय जेवते, तिच्या वाट्याला किती उरतं, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. अडकलेल्या परक्या माणसांना मात्र रोज विचारायचा, सकाळपासून काही खाल्लंय का म्हणून.

"वहिनी," तो म्हणाला.

तिने मान वर केली. घास हातातच होता.

"बघू नका असं, भावजी," ती म्हणाली. "मला कुणासमोर जेवायची सवय नाही."

त्याने नजर वाटीकडे वळवली. वाटीत चार चमचे उरले होते, आणि तिच्या ताटात निम्मा भात होता. ती उठायच्या आत आपलं संपू नये म्हणून पुढचा चमचा त्याने अर्धाच भरला.